बागेतून सोसायटीला काय मिळतं?

पुण्याच्या सहकारनगर भागातून एका सोसायटीच्या खजिनदारांचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"आमची ६४ फ्लॅटची सोसायटी १९८६ सालची आहे. दीड एकराच्या प्लॉटवर चार इमारती आणि मधोमध सहा गुंठ्यांची बाग. बागेत एक मोठा वड आहे, तो इथं शेतं होती तेव्हापासूनचा. शिवाय दोन कडुनिंब, एक ताम्हण, तीन बहावे, थोडी हिरवळ आणि चार बाकं. आता गाड्या वाढल्यात. काही सभासदांनी प्रस्ताव आणलाय की हिरवळ काढून पेव्हर ब्लॉक बसवायचे, 'अडचणीची' झाडं काढायची आणि २२ गाड्यांची जागा करायची. गाडीमागे महिना १,५०० रुपये घेतले की वर्षाला ३ लाख ९६ हजार येतील. माळी, पाणी आणि फांद्यांची छाटणी यावरचा १ लाख २० हजारांचा खर्चही वाचेल. म्हणजे पाच लाखांवर फायदा, असं त्यांचं गणित. पेव्हरचं कोटेशन साडेपाच लाखांचं आलंय. मे महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा आहे. मला बाग राहावी असं मनापासून वाटतं. पण 'भावनिक होऊ नका, बागेतून एक रुपया येत नाही, तुम्ही खजिनदार आहात' असं म्हटलं की मी गप्प होते. बागेची किंमत पैशात मांडता येते का? आणि मी ही बाजू मांडली तर पदाचा गैरवापर ठरेल का?"

ताई,

मांडता येते. तुमच्याकडे सहा आठवडे आहेत आणि तेवढ्यात ती बऱ्यापैकी नीट मांडता येईल. पण आकड्यांना हात लावण्याआधी एक काम करा, कारण ते झालं तर कदाचित आकड्यांची गरजच पडणार नाही.

महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातून तुमच्या सोसायटीच्या मंजूर लेआऊटची प्रत काढा. सरळ मागून मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. त्या नकाशावर तुमची बाग 'ओपन स्पेस' म्हणून दाखवलेली असणार, असा माझा अंदाज आहे. दीड एकराचे दहा टक्के म्हणजे सहा गुंठे, आणि मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडायची हा आपल्याकडचा नियम आहे. तुमच्या बागेचं माप त्याच्याशी इतकं तंतोतंत जुळतं की तो योगायोग वाटत नाही. तसं असेल तर ही जागा सोसायटीच्या बहुमताच्या हातात नाही. ६४ पैकी ६३ जणांनी हात वर केले तरी मंजूर नकाशातल्या मोकळ्या जागेचा वापर ठरावानं बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात लेआऊटमधली उद्यानाची जागा खाजगी नर्सिंग होमला देणं रद्द ठरवलं. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली बांधलेला बाजार पाडून उद्यान पूर्ववत करा, असा आदेश १९९९ मध्ये दिला. त्या जागा सार्वजनिक होत्या, तुमची सोसायटीची आहे, हा फरक खरा. तरी न्यायालयाचा रोख पुरेसा स्पष्ट आहे: राहत्या वस्तीतली मोकळी जागा शिल्लक उरलेली नसते, ती मुद्दाम राखलेली असते.

झाडांचं वेगळं. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यानुसार शहरी भागात, खाजगी आवारातलंसुद्धा झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि झाडाला इजा करणं हेही त्या कायद्यात तोडण्यातच धरलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण मिळालं. तुमचा वड त्यात नक्की बसेल. 'अडचणीची झाडं काढायची' हे वाक्य प्रस्तावात लिहिलं असेल, तर ते लिहिणाऱ्याला उद्यान विभागाची परवानगी कुठे आहे एवढंच विचारा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तो फक्त कायद्यानं सुटावा असं मला वाटत नाही. कायद्यानं अडलेला माणूस पुढच्या वर्षी नवी वाट शोधतो. हिशेब पटलेला माणूस मात्र तुमच्या बाजूला येऊन बसतो.

त्यांचं गणित आधी तपासू. ३ लाख ९६ हजार हे 'उत्पन्न' म्हटलंय. ते देणार कोण? तुमचेच २२ सभासद. बाहेरून एक पैसाही सोसायटीत येत नाही. २२ घरांच्या खिशातून निघून ६४ घरांच्या खात्यात जातो, एवढंच. त्याला सोसायटीची कमाई म्हणणं चूक आहे. खरोखर वाचणारा पैसा एकच, बागेचा १ लाख २० हजारांचा खर्च. तो ६४ घरांत वाटला तर घरामागे महिन्याला १५६ रुपये. त्यासाठी आधी साडेपाच लाख घालायचे. ते नुसते वसूल व्हायलाच साडेचार वर्षांहून जास्त लागतील, आणि पेव्हरही खचतात, उखडतात, दुरुस्तीला येतात.

पण ताई, इथं थांबलात तर तुम्हीही अर्धाच हिशेब मांडाल. २२ माणसं महिना १,५०० द्यायला तयार आहेत, याचा अर्थ त्यांना गाडीच्या जागेची गरज खरोखर तेवढी वाटते. रात्री दहाला घरी येऊन दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावणाऱ्याचा त्रास हा खरा खर्च आहे. तो मान्य करा, सभेत मोठ्यानं मान्य करा. म्हणजे प्रश्न असा उभा राहतो: २२ घरांची वर्षाला ३ लाख ९६ हजारांची सोय आणि बागेवरचा १ लाख २० हजारांचा खर्च, मिळून ५ लाख १६ हजार. ६४ घरांत वाटले तर घरटी महिन्याला साधारण ६७० रुपये. बाग प्रत्येक घराला महिन्याला ६७० रुपयांहून जास्त देते का? सगळा वाद या एका आकड्यावर आणून ठेवा. 'बाग की पार्किंग' असं विचारलं की माणसं तट पाडतात. आकडा समोर ठेवला की विचार करतात.

बागेच्या बाजूनं पहिली आणि सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे घराची किंमत. बाग किंवा मोकळी जागा शेजारी असली की घर महाग विकलं जातं, हे जगभरात पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी उद्यानाभोवतीच्या वॉर्डांमधल्या मालमत्तांचं मूल्य १८५६ पासून १८७३ पर्यंत वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं, ते याच कारणासाठी. उद्यानावरचा खर्च वाढीव कराच्या रूपानं परत येतो हे त्यांना शहराला दाखवायचं होतं. नेदरलँड्समधल्या घरविक्रीवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोकळ्या जागेचं दर्शन असलेल्या घरांना ६ ते १२ टक्के जास्त भाव मिळाल्याचं दिसलं. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये २०१० च्या अभ्यासात घरासमोरच्या रस्त्यावरच्या झाडांनी विक्रीच्या किमतीत सरासरी ८,८७० डॉलरची भर घातली होती, आणि ती घरं थोडी लवकरही विकली गेली होती.

हे आकडे सहकारनगरला जसेच्या तसे लावू नका. तिथली जमीन, तिथले कर, तिथली हवा वेगळी. पण दिशा इथंही तीच आहे आणि त्याचा पुरावा तुमच्या हाताशी आहे. पुण्यातल्या कुठल्याही नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत 'गार्डन फेसिंग' फ्लॅट वेगळा दाखवतात आणि त्याचा दर वेगळा लावतात. बिल्डर फुकट काही विकत नाही. बागेकडे उघडणाऱ्या खिडकीचे जादा पैसे तो मागतो, कारण माणसं ते देतात. दोन-तीन प्रकल्पांची दरपत्रकं मागवून घ्या. एकाच मजल्यावरच्या, एकाच आकाराच्या, बागेकडच्या आणि रस्त्याकडच्या फ्लॅटच्या दरातला फरक लिहून ठेवा. परदेशी अभ्यासापेक्षा सभेला तो कागद जास्त पटेल.

आता सावध आकडा धरा. तुमच्याकडचा फ्लॅट समजा सरासरी ८५ लाखांचा. ६४ फ्लॅट म्हणजे ५४ कोटी ४० लाख. सहा नाही, बारा नाही, बाग गेल्यानं किंमत फक्त एक टक्क्यानं उतरली असं धरलं, तरी ५४ लाख ४० हजार रुपये गेले. प्रत्येक घराचे ८५ हजार. महिना ६७० रुपयांच्या हिशेबानं ते भरून यायला दहा वर्षांहून जास्त काळ लागेल. कुणी म्हणेल, आम्हाला घर विकायचंच नाही. ठीक. पण तुमच्याकडे भाड्यानं दिलेले फ्लॅट किती आहेत ते मोजा, त्यांच्या मालकांना हा तोटा दर अकरा महिन्यांनी करार नवा करताना दिसेल. आणि कुणी म्हणेल, पार्किंग असलं तरी भाव वाढतोच की. हो, वाढतो. फक्त ही जागा सोसायटी दरमहा भाड्यानं देणार आहे, ती फ्लॅटसोबत विकता येणार नाही. शिवाय मिळणार ती २२ जणांना. बाग मात्र ६४ जणांची आहे.

या वादाची मेख इथंच आहे. पार्किंगचा फायदा थोड्या लोकांना, मोठा आणि रोज डोळ्यांना दिसणारा. बागेचा फायदा सगळ्यांना, पण थोडा थोडा. ज्याला मोठा फायदा होणार तो सभेला येतो, बोलतो, प्रस्ताव टाइप करून आणतो. ज्याचं थोडं जाणार तो घरी बसतो. वाईट हेतू कुणाचाच नसतो, तरी बागा अशाच जातात. म्हणून तुमचं खरं काम म्हणजे तो थोडा थोडा फायदा एकत्र करून कागदावर आणणं.

त्यासाठी उन्हाळा ही उत्तम वेळ आहे. बंगळुरूमध्ये हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या झाडांचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडं असलेल्या रस्त्यांवर दुपारी हवेचं तापमान झाडं नसलेल्या रस्त्यांपेक्षा ५.६ अंशांपर्यंत आणि डांबराचं तापमान २७.५ अंशांपर्यंत कमी होतं. कारण दुहेरी आहे: सावलीमुळे जमीन तापत नाही, आणि पानांतून बाष्प बाहेर पडताना ते भोवतालची उष्णता घेऊन जातं. पेव्हर नेमकं उलट करतात. दिवसभर तापतात आणि ती उष्णता रात्री तळमजल्यावरच्या, पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांत सोडतात. एप्रिल-मे मध्ये पुण्याच्या रात्री पूर्वी गार असायच्या, असं जुनी माणसं सांगतात. त्यात काँक्रीटचा वाटा मोठा आहे.

हे तुमच्याच आवारात मोजा. एक साधा थर्मामीटर घ्या. आठवडाभर रोज दुपारी दोन वाजता वडाखाली, सध्याच्या काँक्रीटच्या पार्किंगमध्ये आणि गेटबाहेरच्या रस्त्यावर, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं ठेवून आकडा लिहा. थर्मामीटरवर थेट ऊन पडू देऊ नका, नाहीतर आकडा चुकेल. रात्री दहाला पुन्हा एकदा. कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलांना हे काम द्या, ती आवडीनं करतील.

दुसरं, वीजबिलं. बागेकडच्या आणि रस्त्याकडच्या काही घरांकडून जानेवारीचं आणि मे महिन्याचं बिल मागा. मे महिन्याची युनिट वजा जानेवारीची युनिट, हा फरक बहुतांशी पंखा, कूलर आणि एसीचा असतो. एकाच मजल्यावरच्या, साधारण सारख्या कुटुंबांची तुलना करा. मे चं बिल सभेआधी हातात येणार नाही, म्हणून गेल्या वर्षीचं घ्या, ॲपवर जुनी बिलं दिसतात. एक बारकावा लक्षात ठेवा: घरगुती विजेचे दर टप्प्यांनी वाढतात, त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात महागड्या टप्प्यातलं असतं. एसी एक अंश वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. खिडकीबाहेरची हवा दोन-तीन अंशांनी गार असेल तर याचा अर्थ काय होतो, ते सभासदांना स्वतःच उमगेल.

उदाहरण म्हणून, बागेला लागून १६ घरं असतील, आणि उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत प्रत्येकी महिना ५० युनिट वाचत असतील, तर २,४०० युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला २८,८०० रुपये. हा फार मोठा आकडा नाही, आणि तो मोठा आहे असं भासवूही नका. पण बागेच्या वार्षिक खर्चाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यातून निघाला.

पाण्याचं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण टँकरचं बिल सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तुमच्या सहा गुंठ्यांवर, म्हणजे ६०० चौरस मीटरवर, सुमारे ४ लाख २० हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे ४२ टँकर. त्यातलं सगळं मुरत नाही, काही वाहून जातं, काही झाडं वापरतात, काही उडून जातं. तरी पाव हिस्सा मुरला असं धरलं तर दहा टँकर जमिनीत गेले. तुमच्याकडे बोअरवेल असेल, आणि त्या भागात बहुतेक सोसायट्यांकडे असते, तर ती याच पाण्यावर तग धरते. पेव्हर घातले की ते पाणी जायचं कुठे? गेटमधून रस्त्यावर आणि रस्त्यावरून ओढ्याला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा तुमच्याच परिसरात काय झालं, हे सभासदांना मी सांगायची गरज नाही. त्या पुराला तुमची एक बाग जबाबदार नव्हती आणि एक बाग तो थांबवूही शकली नसती. पण वरच्या अंगाच्या शेकडो आवारांनी एकेक करून माती झाकली, की खालच्या अंगाला पाणी वेळ न देता येतं.

आता एक इशारा, आणि तो मी कळकळीनं देतेय. समाजमाध्यमांवर तुम्हाला 'एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये' हा आकडा सापडेल. तो खोटा नाही. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडायची होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं २०२१ मध्ये तो मांडला होता. झाडाचं वय गुणिले ७४,५०० अशी ती रीत. त्यातले ४५,००० रुपये एकट्या प्राणवायूचे आहेत. समितीचा हेतू मोलाचा होता, झाड म्हणजे फक्त लाकूड नव्हे हे सरकारी हिशेबात यायला हवंच होतं. पण तुमच्या सभेत हा आकडा वापरू नका. हवेत २१ टक्के प्राणवायू आहे आणि तुमच्या बागेतली सात झाडं राहिली किंवा गेली तरी सोसायटीला श्वासाला तो कमी पडणार नाही. सभेत एखादा इंजिनिअर किंवा डॉक्टर असतोच. तो हे एका वाक्यात सांगेल, आणि मग तुमचे घराच्या किमतीचे, वीजबिलाचे, पाण्याचे खरे आकडेही लोक शंकेनं बघतील. तिकडेही शेवटी २०२३ मध्ये ती झाडं तोडायला परवानगी मिळाली. आकडा फुगला म्हणून झाड वाचतंच असं नाही. सावली, गारवा, मुरणारं पाणी, धूळ, घराचा भाव, हे पुरेसं आहे, आणि ते प्रत्येकाला आपल्या डोळ्यांनी तपासता येतं.

काही गोष्टींचे पैसे मांडूच नका. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांची नोंद तपासली. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. असं काही तुमच्या आजी-आजोबांच्या बाबतीत घडत असेल, पण त्याला रुपये लावायला गेलात तर ते ओढूनताणून आणल्यासारखं दिसेल. त्याऐवजी दोन आठवडे एक वही ठेवा. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते आठ, बागेत कोण कोण आलं, एवढंच. किती मुलं खेळली, किती ज्येष्ठ फेऱ्या मारून गेले, कामाला येणाऱ्या मावश्या दुपारी डबा कुठे खातात, वॉचमन आणि कुरिअरवाले सावलीला कुठे बसतात. ती यादी सभेत वाचा. ज्यांची नावं त्यात येतील त्यांची घरं मत देताना विचार करतील.

आणि वही रिकामी राहिली तर? तर तीही नोंद प्रामाणिकपणे घ्या, कारण मग बागेत काहीतरी बिघडलंय. बाल्टिमोरमधल्या २००८ च्या अभ्यासात असं दिसलं की गुन्हेगारी कमी असलेल्या वस्तीत उद्यान शेजारच्या घरांचा भाव वाढवतं, पण गुन्हेगारी एका मर्यादेपलीकडे गेली की तेच उद्यान भाव उतरवतं. सोसायटीच्या पातळीवर याचा अर्थ सरळ आहे: अंधारी, डास झालेली, मोडक्या बाकांची बाग कुणालाच नको असते, आणि पेव्हरचा प्रस्ताव तिथूनच जन्माला येतो. १ लाख २० हजारांत तुम्हाला काय मिळतंय ते बघा. पाण्याचा बराचसा खर्च हिरवळीवर जात असेल. पुण्याच्या हवेत हिरवळ पोसणं महागच. तिच्या जागी सावलीत वाढणारी झुडपं आणि झाडांखाली पालापाचोळ्याचा थर दिलात तर पाणी निम्म्यानं वाचू शकेल. पाचोळा झाडून जाळू नका, खड्ड्यात कुजवा. सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत होत असेल तर महापालिका मिळकतकरात सवलत देते, पावसाचं पाणी जिरवलं तरी देते. खजिनदार म्हणून ती सवलत तुम्ही घेताय का, हे आधी पाहून घ्या. वडाच्या बुंध्याभोवती काँक्रीटचा पार असेल तर तो सैल करा. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मुळांना हवा आणि पाणी मिळालं नाही की झाड हळूहळू मरतं आणि मग 'धोकादायक' म्हणून तोडलं जातं.

पार्किंगवर तुमच्याकडे स्वतःचा प्रस्ताव हवा. नुसता नकार घेऊन गेलात तर हराल, आणि मला वाटतं हरणं योग्यही ठरेल, कारण २२ घरांची अडचण खरी आहे. आधी आवारातली वाहनं मोजा. जुन्या सोसायट्यांत वर्षानुवर्षं न हललेल्या स्कूटर, चाकं बसलेल्या गाड्या आणि सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या सायकली किती जागा खातात हे मोजल्यावरच कळतं. नोटीस देऊन त्या काढायला लावा. दुसऱ्या गाडीचं शुल्क पहिल्या गाडीपेक्षा बरंच जास्त ठेवा. जवळच्या शाळेशी किंवा कार्यालयाशी रात्री आठ ते सकाळी आठ त्यांचं आवार वापरण्याबद्दल बोला, त्यांनाही रिकाम्या जागेचे पैसे मिळतील. गाड्या एकावर एक लावायचं यंत्र स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेत, बसतं का, हे एखाद्या वास्तुविशारदाला विचारा. या सगळ्यातून २२ नाही, पण बारा-पंधरा जागा निघाल्या तर प्रस्तावाचा जोर उरणार नाही.

एक गोष्ट पत्रात नाही, पण ती लवकरच येणार आहे. १९८६ च्या इमारती आता पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. त्या वेळी बाग वाचवणं आजच्यापेक्षा कितीतरी अवघड जाईल, कारण तेव्हा प्रत्येक चौरस फूट विक्रीचा असेल आणि बिल्डर तुम्हाला पोडियमवर बाग दाखवेल. पोडियम म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरचा स्लॅब, त्यावर फूट-दोन फूट माती. तिथं झुडपं वाढतात, वड वाढत नाही, आणि पाणी तर मुरतच नाही. मुंबईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं की करमणुकीसाठीची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर चालणार नाही. निविदेची अट लिहायची वेळ येईल तेव्हा 'अस्तित्वातली मोठी झाडं जागेवर राखून, मोकळी जागा नैसर्गिक जमिनीवर' असे शब्द त्यात घाला. आत्ता तुम्ही जमवलेला हिशेब तेव्हाही उपयोगी पडेल. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या आखणीत त्यानं मोकळ्या जागा सोडल्या. दाट, हवा न खेळणाऱ्या वस्तीची किंमत शहरानं नुकतीच मोजली होती, म्हणून त्या सोडल्या गेल्या. आज तिथल्या फाइव्ह गार्डन्सभोवती राहणाऱ्या कुणालाही विचारा, त्या जागेत पार्किंग करू का म्हणून.

शेवटी पदाचा प्रश्न. खजिनदारानं एका बाजूचा जमाखर्च सभेपुढे ठेवणं हाच खरा पक्षपात. आज जो कागद फिरतोय त्यात पार्किंगची जमा आहे, बाग गेल्याचा खर्च नाही. तो अपुरा हिशेब पुरा करणं तुमच्या कामातच येतं. फक्त दोन पथ्यं पाळा. स्वतःचं मत हिशेबाच्या कागदावर लिहू नका, ते सभासद म्हणून उभं राहून वेगळं बोला. आणि गृहीत धरलेला प्रत्येक आकडा, ८५ लाख, एक टक्का, १२ रुपये युनिट, 'गृहीत' म्हणून स्पष्ट दाखवा, म्हणजे कुणालाही तो बदलून पाहता येईल. कागद सभेच्या नोटिशीसोबतच पाठवा. सभेत ऐनवेळी वाटलेला कागद कुणी वाचत नाही, आणि तो डाव वाटतो.

लेआऊटची प्रत मिळाली की मला कळवा. त्यावरचं मोकळ्या जागेचं माप प्रत्यक्षातल्या सहा गुंठ्यांपेक्षा जास्त निघालं, तर आधीच काही भाग कशाखाली गेलाय हे बघावं लागेल आणि पुढचा अर्ज वेगळा करावा लागेल.